ब्रेकमास्तरांच्या घरातला टीव्ही

ब्रेकमास्तरांनी आजवर कुणाला कुणावर धडकू दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. गाडी चालवायला शिकवणं हा त्यांचा धंदा. बावीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते. त्या सीटच्या पायाशी त्यांच्यासाठी एक वेगळा ब्रेक बसवलेला होता. शिकणारा गांगरला रे गांगरला, की मास्तरांचा पाय त्यावर पडायचा. तो पाय पुढे पुढे इतका तयार झाला, की पाहुण्यांकडे सोफ्यावर बसलेले असताना कुणी अचानक मोठ्यानं हसलं तरी मास्तर फरशी दाबायचे. त्यांचं खरं नाव लायसन्सवर असेल. गल्लीत, शाळेत आणि भाजीवाल्याकडे ते ब्रेकमास्तरच.

जगात जेवढे म्हणून अपघात होतात, ते सगळे वेळेवर ब्रेक न दाबल्यामुळे होतात, असा त्यांचा सिद्धांत होता. लग्न मोडलं, दुकान बुडालं, मुलगा नापास झाला, काहीही सांगा, मास्तर मान हलवून म्हणायचे, "वेळेवर थांबवायला हवं होतं कुणीतरी." कुणीतरी म्हणजे कोण, हे ते विनयानं सांगत नसत.

त्यांची बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. दिवसाला पन्नास-साठ माणसांचं रक्त काढायची. तिची पद्धत साधी. सुई हातात घेतली की ती पेशंटला विचारायची, "काल रात्री काय जेवलात?" तो बिचारा आठवू लागायचा, आणि आठवेपर्यंत नळी भरलेली असायची. ती घरातही मोठ्यानं बोलत नसे. मास्तरांना वाटायचं, बायको आपलं सगळं ऐकते. या समजावर त्यांचा संसार सोळा वर्षं उत्तम चालला होता.

लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. ती आता पाच वर्षांची होती. घरात एका जागी थांबायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आणि घरात चौथी होती मास्तरांची आई. तिचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते आणि जीव मालिकांमध्ये होता. दुपारी बाराला टीव्ही लागायचा तो संध्याकाळी सातला बंद व्हायचा. भिंगरी साडेबाराला शाळेतून यायची. तिचे आईबाप कामावर. म्हणजे पोरीला सांभाळायचं काम आजीकडे, आणि आजीला सांभाळायचं काम टीव्हीकडे. असं सगळं सुरळीत होतं.

एका मंगळवारी सकाळी मास्तर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना गोल चौकातून गाडी कशी काढायची ते शिकवत होते. बाई तिसऱ्यांदा त्याच चौकाला प्रदक्षिणा घालत होत्या. तेवढ्यात शाळेतून फोन आला.

"ताबडतोब या," शाळेतल्या बाईंचा आवाज थरथरत होता. "तुमच्या मुलीची स्मृती गेलीय."

मास्तरांनी ब्रेक दाबला. मागची रिक्षा थोडक्यात वाचली. डॉक्टरीणबाईंना तिथेच रस्त्याच्या कडेला उतरवून मास्तर सुसाट शाळेत पोचले, आणि वाटेत आपण दोन सिग्नल तोडले हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही.

ऑफिसातल्या बाकावर भिंगरी पाय हलवत बसली होती. बाईंच्या कपाळावर घाम. मास्तर धावत पुढे झाले.

"बाळा! मी आलोय!"

भिंगरीनं त्यांच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. "आपण कोण?" ती म्हणाली. "मी कुठे आहे?"

घरात कुणी कुणाला 'आपण' म्हणत नव्हतं, हे खरं तर मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्यात लॅबचा पांढरा कोट घातलेली बायको दारात आली. तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. टेंगूळ नव्हतं. ती बाईंना म्हणाली, "झालं काय नेमकं?"

"मी चित्रकलेची वही मागितली. ती म्हणाली, वही नाही आणली. का नाही आणली, असं विचारलं, तर हिनं हात कपाळाला लावला आणि पडलीच!"

"कुठे पडली?"

"गालिच्यावर."

"बरं," बायको म्हणाली आणि मुलीशेजारी बसली. "नाव काय तुझं?"

"आठवत नाही."

"असू दे. डब्यात काय होतं आज?"

"अंडं आणि ब्रेड," भिंगरी म्हणाली. "पण अंडं नाही खाल्लं मी. त्याला वास येत होता."

बाईंनी घाम पुसला. मास्तरांनी डोळे पुसले आणि लगेच रागवायची तयारी केली.

घरी आल्यावर आजीनं सगळं ऐकून घेतलं, आणि तिचा चेहरा अभिमानानं फुलला. "अरे, त्या मालिकेतल्या पोरीची स्मृती जाऊन सात महिने झाले," ती म्हणाली. "अजून पत्ता नाही. हिची दीड तासात आली. हुशार आहे आपली."

शाळेतल्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी मास्तरांना ना बोल लावला, ना उपदेश केला. फक्त एक कागद दिला. मुलांना टीव्ही कसा दाखवावा, यावर त्यांनीच तो लिहिला होता, दोन्ही बाजूंनी. मास्तरांनी पहिली ओळ वाचली. 'वेळेची मर्यादा घाला.' ती त्यांना इतकी पटली, की पुढचं वाचायची गरजच उरली नाही. कागदाची घडी करून त्यांनी तो फ्रिजवर ठेवला आणि बाजारात जाऊन पिवळी चिकटपट्टी आणली.

त्या रविवारी घराचा कारभार बदलला. टीव्हीपासून मोजून सात फुटांवर फरशीला पिवळी पट्टी चिकटवली गेली, परीक्षेच्या मैदानात पार्किंगसाठी असते तशी. भिंतीवर लाल कडेचा गोल फलक आला: 'अर्धा तास'. त्याच्याखाली दुसरा: 'पट्टीच्या मागे'. भिंगरीला एक पुठ्ठ्याचं कार्ड मिळालं, त्यावर 'शिकाऊ' असं लिहून मास्तरांनी सही केली होती. टीव्ही बघायच्या आधी कार्ड दाखवायचं. रिमोट लोखंडी कपाटात गेला आणि त्याची किल्ली मास्तरांच्या जुडग्यात.

"माझी खुर्ची पट्टीच्या पुढे येते," आजी म्हणाली.

"मागे घ्यावी लागेल, आई. नियम सगळ्यांना सारखा."

"अरे, सात फुटांवरून मला नायिका आणि तिची सासू एकच दिसतात. कुणाच्या नावानं रडायचं?"

"रडायलाच कशाला हवं?"

आजीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न विचारणारा आपल्या पोटचा आहे यावर तिचा विश्वास बसत नव्हता. पण ती वाद घालत बसली नाही. चव्वेचाळीस वर्षं तिनं या मुलाला ओळखलं होतं. तो दारावर पहारा ठेवतो आणि खिडकी उघडी टाकतो, हे तिला ठाऊक होतं.

दोन आठवडे घर शांत होतं. मास्तर रोज संध्याकाळी येऊन अर्ध्या तासाचा टीव्ही लावत, घड्याळ लावून बंद करत. गाडीत बसलेल्या प्रत्येक शिकाऊ माणसाला ते स्टिअरिंगबरोबर बालसंगोपनही शिकवू लागले. "मूल म्हणजे काय?" ते म्हणायचे. "उतारावरची गाडी. क्लच सोडा, पण पाय ब्रेकवर हवा. डावीकडे वळा. डावीकडे! हे उजवं आहे."

मग एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी शिकवणी रद्द केली आणि मास्तर तीन वाजताच घरी आले. जिन्यात असतानाच त्यांना आतून आवाज ऐकू आला. कुणीतरी ओरडत होतं, "मी या घराचा सर्वनाश करीन! सर्वनाश!" आवाज जाड काढलेला होता, पण पाच वर्षांचा होता.

त्यांनी दार उघडलं. टीव्ही चालू होता, आवाज पूर्ण बंद. पडद्यावर एक मिशीवाला माणूस तोंड हलवत होता आणि टीव्हीशेजारी उभी राहून भिंगरी त्याचे संवाद म्हणत होती. मग पडद्यावर एक बाई आली. भिंगरीनं लगेच आवाज बारीक केला. "नाही! हे पाप करू नका! हे मूल तुमचंच आहे!" आजी शेंगदाणे खात खुर्चीत पुढे सरसावून बसली होती. खुर्ची पट्टीच्या चांगली चार फूट पुढे होती.

"रिमोट कुठून आला?" मास्तरांनी विचारलं.

"रिमोट कशाला?" आजी म्हणाली. "मागं बटणं असतात. माझा हात पोचत नाही, हिचा पोचतो."

"आणि आवाज?"

"तू शेजाऱ्यांना विचारतोस ना, दुपारी टीव्ही चालू होता का म्हणून? म्हणून बंद ठेवला. आणि खरं सांगू? मुळातल्यापेक्षा हिचंच बरं वाटतं. ती टीव्हीतली बाई फार सावकाश रडते."

मास्तरांना तेव्हा एक साधी गोष्ट दिसायला हवी होती. टीव्ही नुसता बघणाऱ्या मुलीला त्यांनी तीन तास काम करणारी नटी करून ठेवलं होतं. पण माणूस आपल्या शोधाच्या इतका प्रेमात असतो, की शोध फसला तर जग चुकलं असं त्याला वाटतं. मास्तरांनी टीव्हीची वायर काढली, गुंडाळली आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली. अकरा दिवस ती वायर शहरभर फिरली. आजी अकरा दिवस मुलाशी बोलली नाही. भिंगरीनं त्या काळात आजीला मालिकेचे पुढचे भाग स्वतःच रचून करून दाखवले. त्यात एकूण नऊ माणसं मेली.

बायकोनं एवढ्या दिवसांत एकच वाक्य उच्चारलं होतं. "बंद करण्यापेक्षा काहीतरी चांगलं दाखवा ना."

मास्तरांना हे पटलं, म्हणजे हे आपल्यालाच सुचलं असं वाटलं. त्यांनी वायर आणली आणि ज्ञानाचा कार्यक्रम निवडला. प्राण्यांचा. त्यात गाणी नव्हती, सासवा नव्हत्या, कुणाची स्मृती जात नव्हती. हिरवं गवत, निळं आकाश आणि एक हरणाचं पाडस, नुकतं जन्मलेलं. ते धडपडत उभं राहिलं तेव्हा भिंगरीनं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी बायकोकडे विजयी नजरेनं पाहिलं. आणि मग गवतातून सिंहीण आली.

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. टीव्ही काही थांबला नाही. रिमोट कपाटात, किल्ली जुडग्यात, जुडगा पँटच्या खिशात आणि पँट खुंटीवर. शेवटी ते खांद्यावरचा टॉवेल घेऊन टीव्हीसमोर आडवे उभे राहिले. पण त्यांच्या दोन्ही बाजूंनी जे दिसायचं ते दिसलंच, आणि हाडांचा आवाज टॉवेलला कसा अडणार?

पोरीचं ज्ञान मात्र वाढलं. पुढचे सहा दिवस ती आईला कामावर जाताना विचारत होती, "तुझ्या लॅबमध्ये गवत आहे का?"

सातव्या दिवशी बायकोनं फ्रिजवरचा कागद काढला, धूळ झटकली आणि जेवणाच्या टेबलावर मास्तरांपुढे ठेवला. उलटा.

"याला मागची बाजू आहे," ती म्हणाली.

मागच्या बाजूला लिहिलं होतं: 'मुलांबरोबर बसून बघा. जे बघितलं त्यावर त्यांच्याशी बोला.' मास्तरांनी ते दोनदा वाचलं. "हे पुढच्या बाजूला का नाही लिहिलं?" ते म्हणाले. चूक अर्थातच बाईंची होती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते भिंगरीशेजारी पट्टीच्या मागे मांडी घालून बसले. तिचा आवडता कार्यक्रम होता एका गोगलगायीचा. ती शंखूमावशी, आणि ती बस चालवायची. गोगलगाय असल्यामुळे बस रोज उशिरा पोचायची, आणि बसमधल्या बेडकाला, मुंगळ्याला आणि दोन उंदरांना कुठे ना कुठे वेळेवर जायचं असायचं.

"इंडिकेटर दिला नाही तिनं," मास्तर पहिल्याच मिनिटाला म्हणाले.

"बाबा, बोलू नका ना."

"अगं, कागदात लिहिलंय, बोला म्हणून. बघ, आरशात न बघता वळली. पॅसेंजर उभे आहेत आणि ही—"

"बाबा! तिचे डोळे वर असतात. तिला आरसा लागत नाही."

मुद्दा बरोबर होता. बावीस वर्षांत कुठल्या शिकाऊनं त्यांना असं निरुत्तर केलं नव्हतं.

पहिले चार दिवस ते चुका काढायला बसले. पाचव्या दिवशी बेडकाचं लग्न होतं आणि बस चिखलात रुतली होती; त्या दिवशी ते चुका काढायचे विसरले. आठव्या दिवशी शिकवणी संपायच्या आधीच त्यांचं लक्ष घड्याळाकडे जाऊ लागलं. एका शिंप्याची लायसन्सची परीक्षा तोंडावर आली होती. तो आधी दोनदा नापास झाला होता आणि संध्याकाळी पाचलाच मोकळा असायचा. त्याला मास्तरांनी सकाळी सहाची वेळ दिली. "संध्याकाळी मला घरी काम असतं," ते म्हणाले. "मुलीच्या शिक्षणाचं."

पंधरा दिवसांनी बायको सहाच्या सुमारास घरी आली. खाली अंगणात भिंगरी तीन पोरींबरोबर वाळूच्या ढिगावर बोगदा खणत होती. आजी खिडकीत बसून तिच्यावर लक्ष ठेवत होती. पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि त्याच्यासमोर मास्तर एकटे बसले होते. पिवळ्या पट्टीच्या पुढे. दोन फुटांवर.

"भिंगरी खाली खेळतेय," बायको म्हणाली.

"हो."

"मग हे?"

"पुढचा भाग तपासतोय," मास्तर मान न वळवता म्हणाले. "तिला दाखवण्याजोगा आहे का ते. जरा थांब, मुंगळा पुलावर आहे."

बायकोनं कोट खुंटीला लावला आणि चहा टाकायला आत गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते यालाच. पण तिनं ते बोलून दाखवलं नाही. पोरीचं टीव्हीचं वेड सुटत चाललं होतं. बापाला लागलं होतं तर लागू दे, अशी तिची एकंदर धारणा असावी.

इथेच ही हकिकत संपली असती तर मास्तरांनी ती आयुष्यभर आपला पराक्रम म्हणून सांगितली असती. पण त्यांच्या नियमांत एक गोष्ट कधी आलीच नव्हती. रात्री आठला जेवताना ते बातम्या बघायचे. बातम्या म्हणजे काही टीव्ही नव्हे. ते कर्तव्य. त्या वेळी भिंगरीचं जेवून झालेलं असायचं आणि ती टीव्हीकडे पाठ करून फरशीवर बाटल्यांच्या झाकणांची रांग लावत बसायची. पाठ टीव्हीकडे, म्हणजे ती टीव्ही बघत नाही. हिशेब सरळ होता. टीव्हीसमोरच्या काचेच्या कपाटात सगळा पडदा लख्ख दिसतो, हे घरात फक्त तिला माहीत होतं.

त्या गुरुवारी सकाळी शिंप्याची परीक्षा होती. अकराला मैदानात हजर व्हायचं होतं. साडेनऊला मास्तरांनी खुंटीवरच्या पँटचा खिसा चाचपला आणि किल्ल्या नव्हत्या.

मग घर उलटंपालटं झालं. गाद्या उचलल्या गेल्या, सोफा ओढला गेला. आजीला दोनदा खुर्चीतून उठवलं. मास्तर आधी स्वतःला सोडून सगळ्यांवर ओरडले, मग सगळ्यांबरोबर स्वतःवरही ओरडले. भिंगरीला ताप आल्यासारखा वाटत होता म्हणून ती शाळेत गेली नव्हती, आणि त्यासाठी आईनंही रजा टाकली होती. भिंगरी कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. गाडीची दुसरी किल्ली कपाटात होती. कपाटाची किल्ली हरवलेल्या जुडग्यात होती. सुरक्षिततेचा बंदोबस्त चोख होता. अकरा वाजले. शिंप्याचा फोन आला, मग पुन्हा आला, मग यायचा बंद झाला.

दुपारी बायको बाल्कनीत झाडांना पाणी घालायला गेली आणि तशीच परत आली. तिनं कंगवा घेतला, भिंगरीला पुढ्यात बसवलं आणि तिचे केस विंचरू लागली.

"आज कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी नाही घातलं मी," ती सहज म्हणाली. "बरं केलं ना?"

"हो," भिंगरी म्हणाली. "किल्ली गंजली असती."

मास्तर स्वयंपाकघराच्या दारात होते. ते पुढे यायला निघाले. बायकोनं त्यांच्याकडे फक्त पाहिलं, आणि ते थांबले.

"का गं पुरलीस किल्ली?"

भिंगरीनं आधी दारातल्या बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबांची गाडी चपटी होते."

"कुठे?"

"टीव्हीत. पांढरी गाडी, वर लाल पाटी असलेली. बाबांच्या गाडीसारखी. ट्रकखाली जाते. सोमवारी एक गेली. मंगळवारी एक गेली. काल तर दोन गेल्या." तिनं बोटं मोजली. "रोज जातात, आई. मग बाबा पण जाणार ना?"

आईच्या हातातला कंगवा थांबला.

तो अपघात मास्तरांना आठवला. दूरच्या एका गावात ड्रायव्हिंग शिकवणारी गाडी ट्रकवर आदळली होती. एकच गाडी. ती सोमवारपासून रोज दाखवत होते, वरून, बाजूनं, सावकाश, लाल गोल काढून. मास्तर ते दृश्य रोज चवीनं बघत होते आणि रोज म्हणत होते, "वेळेवर ब्रेक दाबला नाही, दुसरं काय!" त्यांच्या मागे फरशीवर बसलेल्या पोरीनं चार गाड्या मोजल्या होत्या. चार बाप मोजले होते.

ते येऊन तिच्यासमोर खाली बसले.

"ती एकच गाडी होती गं," ते म्हणाले. "तीच पुन्हा पुन्हा दाखवतात."

"का?"

"लोक बघतात म्हणून."

"तुम्ही पण?"

"मी पण."

भिंगरीनं यावर विचार केला. "मग त्या गाडीतल्या बाबांचं काय झालं?"

ती बातमी मास्तरांनी तीन रात्रींत आठ-दहा वेळा बघितली असेल. वेग किती असावा, रस्ता कुठे वळला, ट्रकवाल्याची चूक किती टक्के, यावर ते तासभर बोलू शकले असते. आतल्या माणसाचं काय झालं, हे त्यांनी ऐकलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण विचारून सांगतो तुला."

संध्याकाळी त्यांनी चार दिवसांची वर्तमानपत्रं धुंडाळली. मग त्या गावातल्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन केला, त्यानं आणखी कुणाला तरी केला. उत्तर यायला दुसरा दिवस उजाडला. शिकवणाऱ्याचा पाय मोडला होता, शिकणाऱ्या बाईला मुका मार होता, दोघंही बरी होत होती.

"कुठला पाय?" भिंगरीनं विचारलं.

मास्तरांनी पुन्हा फोन केला. डावा.

"प्लास्टर घातलंय?"

"घातलंय."

"त्यावर चित्र काढू देतात," ती म्हणाली आणि खाली वाळूत खेळायला पळाली. त्या दिवशी तिला ताप नव्हता.

नंतर घरात फार मोठं काही घडलं नाही. जेवताना बातम्या लागेनाशा झाल्या. पहिले आठ दिवस मास्तर जेवताना समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत होते आणि भात कमी जात होता. मग नाइलाजानं ते घरातल्या माणसांकडे बघू लागले. त्यांना असं आढळून आलं, की आपली आई डाव्या बाजूनं चावते, कारण उजवी दाढ दुखते. चार महिने दुखत होती म्हणे. त्यांनी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत येताना आजी गालावर रुमाल धरून म्हणाली, "मालिका सकाळीही लागते, पोर शाळेत असताना. मी तेव्हाच बघीन. आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

आता दुपारी आजी भिंगरीला मालिकेची गोष्ट तोंडी सांगते. सांगताना नको ते गाळते आणि हवं ते घालते, त्यामुळे त्या गोष्टीतली सासू अलीकडे बरीच सुधारली आहे. भिंगरी टीव्हीही बघते. कधी अर्धा तास, कधी पाऊण, पावसाळी दिवशी जास्तच. शेजारी बहुतेक वेळा कुणीतरी बसलेलं असतं. शंखूमावशीचा कार्यक्रम मात्र तिला आता बाळबोध वाटतो. मास्तरांना तो बदल अजून पचलेला नाही.

शिंप्यानं पुढच्या आठवड्यात परीक्षा दिली आणि तिसऱ्यांदा नापास झाला. या वेळी मास्तर हजर होते. तेव्हा आधीचं खापरही पोरीवर फोडायला जागा उरली नाही.

वर्षाच्या शेवटी शाळेत पालकांची सभा झाली. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आईबाप गुडघे छातीशी घेऊन बसले होते. बाईंनी टीव्हीचा विषय काढला आणि अचानक म्हणाल्या, "आपल्या मास्तरांनी घरी बरेच प्रयोग केलेत. त्यांनी दोन शब्द सांगावेत."

मास्तर उठले. एक वर्षापूर्वी त्यांनी फळ्यावर आकृती काढली असती. पुढच्या रांगेतला बेकरीवाला वही-पेन घेऊनच बसला होता. त्याचा मुलगा टीव्ही बंद केला की श्वास रोखून धरायचा, निळा होईपर्यंत.

"मास्तर, नेमकी किती मिनिटं दाखवायचा?" बेकरीवाल्यानं विचारलं. "आकडा सांगा. मी लिहून घेतो."

मास्तर खाकरले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"नक्की नाही सांगता येणार," ते म्हणाले. "त्याला काय दिसतंय ते त्यालाच विचारा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळंच दिसत असतं त्यांना." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि दोन-चार दिवस त्याच्याजवळ बसा." आणि खाली बसले. खुर्ची बुटकी असल्यामुळे ते जरा जास्तच खाली गेले.

बेकरीवाल्यानं पेनाला टोपण लावलं आणि शेजारच्याच्या कानात सांगितलं, "यांना काही माहीत नाही."

हे मास्तरांनी स्पष्ट ऐकलं. बायकोलाही दिसलं, की त्यांनी ऐकलं.

घरी चालत जाताना भिंगरी दोघांच्या पुढे उड्या मारत होती. बायको म्हणाली, "आज छान बोललात."

"मी काही बोललोच नाही."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.